काडेपेटीचं भूत आणि बगदादचा न्हावी

नमस्कार, श्रोतेहो.

पॉल क्ले हा चित्रकार हिशेबाचा पक्का. १९११ पासून तो आपल्या कामांची रीतसर नोंद ठेवू लागला. प्रत्येक चित्राला वर्ष आणि क्रमांक. स्वतःच्या लहानपणची काही चित्रंसुद्धा त्यानं त्या यादीत घातली. पण मुलासाठी केलेल्या पन्नासेक हातबाहुल्यांना तिथं जागा दिली नाही. मला तर सगळी गंमत इथंच वाटते.

म्युनिकमध्ये घर चालायचं ते बायकोच्या, लिलीच्या, पियानोच्या शिकवण्यांवर. १९०७ साली फेलिक्स झाला, आणि पोराचं करणं, स्वयंपाकपाणी हे सगळं क्लेकडे आलं. त्या काळी! चित्रंही स्वयंपाकघरातच व्हायची. गावातल्या जत्रेत बाहुल्यांचा खेळ लागायचा, त्यातल्या वात्रट कास्परलवर फेलिक्स लट्टू होता. म्हणून १९१६ मध्ये बापानं त्याला आठ बाहुल्या करून दिल्या. कास्परल, शिपाई, सैतान, मगर, मृत्यू... त्या आठांतला आज शिल्लक आहे तो एकटा मृत्यूच.

सामान सगळं घरातलं. प्लास्टरची डोकी, जुन्या कपड्यांचे तुकडे, फर, हाडं, अक्रोडाची टरफलं. एक भूत काडेपेट्यांचं. दुसऱ्या भुताला विजेचं सॉकेट. शिवाय मोठ्या कानांचा विदूषक, मुकुट घातलेला कवी, बगदादचा न्हावी. रंगमंच उभा राहिला जुन्या फ्रेमांमधून.

'मूल कलावंताला शिकवतं' असं आपण सहज बोलून जातो. मला ते पटत नाही. फेलिक्सनं क्लेला काही शिकवलं नसावं. त्यानं त्याला एक कडक गिऱ्हाईक मिळवून दिलं. चित्र भिंतीवर गप्प टांगता येतं. बाहुलीला बोटं घालून नाचवायचं असतं, तिचा चेहरा लांबूनही कळायला हवा, आणि ती कंटाळवाणी निघाली तर नऊ वर्षांचं पोर तिला खुशाल कोपऱ्यात टाकतं. यात समीक्षक नाही, विक्री नाही, क्रमांकही नाही. हाताला येईल ते घ्यायचं आणि चेहरा करायचा, एवढंच. पुढच्या वर्षांतल्या त्याच्या चित्रांत मुखवटे आणि रंगमंच वारंवार दिसतात. १९२३ च्या एका चित्राचं नावच मुळी 'बाहुल्यांचं थिएटर' आहे.

तोवर क्ले वायमारला बाउहाउस या कलाशाळेत शिकवू लागला होता, आणि चौदाव्या वर्षीच फेलिक्सही तिथं विद्यार्थी झाला. १९२२ मध्ये बापानं आपलीच बाहुली केली, भल्यामोठ्या डोळ्यांची, आणि खुशाल पोराच्या हाती दिली. फेलिक्स मग बाहुल्यांच्या खेळांतून शाळेतल्या मातब्बर मंडळींची यथेच्छ टिंगल करायचा. पुढं तो नाट्यदिग्दर्शक झाला. तालीम तर घरातच झाली होती, आणि तीही बापाच्या सहकाऱ्यांच्या जिवावर!