संत्र्याला फूल आणतं कोण?

नमस्कार मंडळी. जानेवारी लागलाय, नागपूर जिल्ह्यात काटोल-नरखेडकडे ज्यांच्या संत्र्याच्या बागा आहेत त्यांना मी काय सांगणार, आंबिया बहारासाठी, म्हणजे थंडीनंतरच्या फुलोऱ्यासाठी, ताण दिलेला असणार, पाणी बंद, पानं मलूल, आणि मालक रोज बांधावर उभा राहून ठरवतोय की आज पाणी सोडू का अजून चार दिवस थांबू. आमचे आजोबा पान चुरगाळून बघायचे आणि म्हणायचे, "अजून नाही." का नाही, ते मला बॉटनी शिकूनही बरीच वर्षं कळलं नव्हतं.

तर पानात एफटी नावाचा जीन असतो. थंडी पडली किंवा पाणी तुटलं की संत्रा-मोसंबीच्या कुळात तो जोरात कामाला लागतो, त्याचं प्रोटीन पानातून निघून फांदीच्या डोळ्यापर्यंत, म्हणजे कोंब फुटतो त्या जागेपर्यंत, जातं, तिथे लीफी आणि एपी-वन हे जीन जागे होतात आणि नुसती पालवी फुटायची तिथे कळी धरते. पानातून असं काहीतरी निघतं हे चैलाख्यान या सोव्हिएत शास्त्रज्ञाने 1937 मध्येच मांडलं होतं, नावही दिलं फ्लोरिजेन, पण ते म्हणजे हेच प्रोटीन हे पक्कं व्हायला 2007 उजाडलं!

यातलं बहुतेक ज्ञान आलं अराबिडॉप्सिस नावाच्या मोहरीच्या कुळातल्या तणावरून, त्याचं बी ते बी दीड महिन्यात होतं. संत्र्याचं बी लावा आणि बसा पाच-सात वर्षं. म्हणून तर आपण जंभेरी लिंबाच्या खुंटावर जाणत्या झाडाचा डोळा बांधतो, त्या डोळ्याचं बालपण आधीच सरलेलं असतं. 2001 मध्ये स्पेनमधल्या लोकांनी संत्र्याच्याच कुळातल्या सिट्रेंज या संकरित झाडाच्या रोपांत लीफी किंवा एपी-वन घातला, तर वीतभर रोपांना पहिल्याच वर्षी फुलं! पाळण्यातल्या पोराला मिशा फुटाव्या तसं.

आणि एक, झाडावर फळं लटकलेली असली की हा एफटी दबून राहतो. आमच्या काकांनी एका वर्षी भाव चढेल म्हणून माल तोडलाच नाही, भाव काही चढला नाही, आणि पुढच्या बहाराला त्या ओळीत शोधून शोधून फुलं मोजावी लागली, काका मात्र अजूनही दोष पावसालाच देतात.