दहाची हजेरी

(दृश्य : नाशिकचा गंगापूर रोड, रात्री पावणेदहा. मुलींच्या हॉस्टेलचं फाटक.)

कुलूप लागायला पंधरा मिनिटं आहेत. दोन मुली धावत येतायत, एकीच्या हातात भेळेची पुडी. वॉचमनकाका आधी घड्याळाकडे बघतात, मग मुलींकडे, आणि फाटक हातभर आणखी उघडतात.

आत टेबलावर हजेरीचं रजिस्टर. पलीकडे रेक्टर मॅडम. सही होईपर्यंत मान वरही न करता त्या विचारतात, "जेवलीस का गं?"

सवयीचा प्रश्न वाटतो, पण यावर त्यांचं बारीक लक्ष असतं. सुरगाणा, पेठ अशा डोंगरी तालुक्यांतून आलेली पहिल्या वर्षाची मुलगी 'मला इथं करमत नाही' असं सांगायला केबिनमध्ये येत नाही. ती आधी जेवण सोडते. मेसच्या मावशींना ते सगळ्यांत आधी कळतं. "त्या तिसऱ्या मजल्यावरच्या पोरीनं आज पण ताट तसंच ठेवलं," एवढंच त्या सांगतात. मग मॅडमना तिसऱ्या मजल्यावरचा पंखा तपासायची आठवण होते.

(दृश्य : बोर्डिंगची जुनी इमारत.)

शिकायचं तर आधी राहायची सोय हवी, हे नाशिकनं फार पूर्वी ओळखलं. इथल्या उदोजी मराठा बोर्डिंगची कोनशिला 1920 साली राजर्षी शाहू महाराजांच्या हस्ते बसली. त्याआधी, 1901 पासूनच, त्यांनी कोल्हापुरात वसतिगृहांची रांग उभी केली होती. खेड्यातल्या पोराला शाळेआधी छप्पर लागतं, एवढा साधा हिशेब.

छप्पर मिळालं तरी पोराकडे बघणारं माणूस लागतंच. रॅगिंग रोखण्यासाठी विद्यापीठ अनुदान आयोगानं 2009 मध्ये नियम केले. त्यांत वॉर्डन पूर्णवेळ असावा, कोणत्याही वेळी फोनवर सापडावा, असं म्हटलंय. प्रत्यक्षात बऱ्याच ठिकाणी हे काम एखाद्या प्राध्यापिकेकडे 'अतिरिक्त कार्यभार' म्हणून येतं. दिवसा तास घ्यायचे, रात्री तापानं फणफणलेल्या मुलीला रिक्षात घालून दवाखाना गाठायचा, आणि सकाळी पुन्हा पहिला तास. त्याला अतिरिक्त म्हणायचं, तर मूळ काम कोणतं?

(दृश्य : फीच्या पावत्या, मॅडमची डायरी.)

डायरीत मुलींच्या नावांपुढे खुणा आहेत. कुणाची शिष्यवृत्ती अडकली आहे. कुणाचे वडील फोनवर म्हणालेत, "मॅडम, चाळीतला कांदा काढला की भरतो." लासलगावला भाव पडला की इथला दुसरा हप्ता लांबतो. हॉस्टेलच्या नियमावलीत कांद्याचं कलम नाही. म्हणून दर वर्षी ऑफिसात जाऊन मुदत मागायची, ती मॅडमनीच.

आयांचेही फोन येतात. "ती कुणाशी बोलते हो रात्री?" मॅडम म्हणतात, "अभ्यास करते, ताई." हे उत्तर दर वेळी खरं नसतं, आणि ते बरोबर आहे की नाही याबद्दल त्यांच्या स्वतःच्याच मनात दोन मतं आहेत.

प्रत्येक दुखणं आपल्या हातानं बरं होणार नाही, हेही त्यांना ठाऊक आहे. मन मोकळं करायला, सल्ला घ्यायला असलेल्या सरकारच्या टेलि-मानस या फोनसेवेचा 14416 हा क्रमांक त्यांनी नोटीस बोर्डावर लावला, तिथं कुणी थांबून वाचेना. आता तो बाथरूमच्या दाराला आतून चिकटवलाय. आत वाचताना कुणी बघत नाही.

(दृश्य : जिना. साडेअकरा.)

तिसऱ्या मजल्याच्या पायरीवर ती मुलगी बसली आहे, फोनवर आईशी कोकणीत बोलतेय. गोव्याची नव्हे, सुरगाणा-पेठकडची, डोंगरातली कोकणी. मॅडम चपला हातात घेतात आणि आल्या वाटेनं परत फिरतात.

(दृश्य : मेस, दुसऱ्या दिवशीची रात्र.)

मावशी स्वतः पेठकडच्या. आज पोळ्यांच्या शेजारी त्यांनी नागलीच्या भाकऱ्या थापल्यात, मोजक्याच. मॅडम दारात उभ्या. मावशी लांबूनच दोन बोटं वर करतात.

दोन खाल्ल्या.