बाहेरून किल्ला, आतून जेल : फिलाडेल्फियाची ईस्टर्न स्टेट पेनिटेन्शरी

समोर जे दिसतंय ते बघून कोणीही म्हणेल, अरे किल्ला! बुरूज आहेत, कंगोरे आहेत, बाण मारायला ठेवतात तसल्या उभ्या फटी पण आहेत. फक्त त्या फटींतून कधी बाण सुटला नाही आणि सुटलाही नसता, कारण त्या नुसत्या शोपुरत्या आहेत. अमेरिकेतलं फिलाडेल्फिया शहर, फेअरमाउंट ॲव्हेन्यू. रस्त्याच्या त्या बाजूला कॅफे, रेस्टॉरंट, कुत्री फिरवणारी माणसं आणि या बाजूला 30 फूट उंच दगडी भिंत, चालत राहा, संपता संपत नाही. आत साधारण 11 एकर जागा आहे. 1829 ते 1971, म्हणजे मोजून 142 वर्षं हे चालू जेल होतं, हजारो कैदी इथे येऊन गेले, आणि आता लोक तिकीट काढून, रांगेत उभं राहून, हौसेने आत जातात.

बाहेरचा हा भीतीदायक अवतार मुद्दाम केलाय बरं का. जॉन हॅविलंड नावाचा इंग्लंडहून आलेला आर्किटेक्ट, त्याला हेच काम होतं, की रस्त्याने जाणाऱ्याने नुसती भिंत बघूनच चोरीचा विचार सोडून द्यावा. पण आत काय करायचं याबद्दल मात्र या मंडळींचा विचार एकदम वेगळा होता आणि खरं सांगायचं तर चांगल्या मनाने केलेला होता, इथेच तर सगळी गंमत आहे.

त्या आधीची जेलं कशी होती? एका मोठ्या खोलीत खुनी, पाकीटमार, कर्ज बुडवलेला माणूस, बाया, पोरं, सगळे एकत्र कोंबलेले, आणि पैसे टाकले की जेलरच दारू विकणार. 1787 साली बेंजामिन फ्रँकलिनच्या घरी काही लोक जमले, त्यात डॉक्टर बेंजामिन रश होते, आणि त्याच वर्षी फिलाडेल्फियात कैद्यांचे हाल कमी करण्यासाठी एक संस्था निघाली. शहरात क्वेकर या ख्रिस्ती पंथाचा मोठा प्रभाव. त्यांच्या प्रार्थनेत माणसं गप्प बसतात, आतला आवाज ऐकतात. तर यांचं म्हणणं असं, की गुन्हेगाराला मारू नका, चारचौघांत त्याची अब्रू काढू नका, त्याला एकटं बसवा, शांत, स्वतःच्या मनाबरोबर, मग त्याचं त्यालाच कळेल काय चुकलं ते. लहानपणी दंगा केला की नाही का कोपऱ्यात बसवायचे, बस इथे गप आणि विचार कर काय केलंस ते, तीच आयडिया. फक्त इथे दोन वर्षं, पाच वर्षं, दहा वर्षं. पेनिटेन्शरी हा शब्दच तिथून आलाय, पेनिटेन्स म्हणजे पश्चात्ताप, प्रायश्चित्त.

आणि यासाठी पैसा किती ओतला बघा, जवळपास 7 लाख 80 हजार डॉलर, त्या काळात. 1822 ला काम सुरू झालं. इथली जागा म्हणजे आधी चेरीची बाग, म्हणून गावातले लोक बरीच वर्षं या जेलला चेरी हिलच म्हणायचे.

चला आत. मधोमध एक गोल खोली आणि तिथून बैलगाडीच्या चाकाच्या आऱ्या निघतात तसे सात लांब ब्लॉक. गार्डने मध्ये उभं राहून नुसती एक गिरकी घेतली की सगळे कॉरिडॉर नजरेखाली. आता या पहिल्या ब्लॉकमध्ये थांबू. कमानीचं उंच छत, चर्चसारखं, आणि दोन्ही बाजूंना कोठड्या. आपण सहज म्हणतो ना, अमका गजाआड गेला. इथे सुरुवातीला कॉरिडॉरच्या बाजूने गज तर सोडा, दारच नव्हतं. भिंतीत फक्त जेवण सरकवायला एक झरोका. कैद्याला आत घ्यायचं ते पलीकडून, मागच्या छोट्या अंगणातून.

कोठडी साधारण 8 बाय 12 फुटांची. आपण कल्पना करतो त्यापेक्षा मोठी वाटते, मी आत उभा राहिलो तेव्हा पहिला विचार हाच आला, की अरे काही वाईट नाहीये. भिंतीचा चुना पोपडे धरून सुटलाय, हात लावला की बोटाला पावडर लागते. वर छताला एक झरोका, काचेचा, तेवढाच काय तो उजेड, त्याला देवाचा डोळा म्हणायचे. म्हणजे वर बघितलं की तो बघतोय. कोपऱ्यात संडास, पाणी सोडून फ्लश होणारा. गरम हवेची सोय. 1829 साली हे होतं बरं का, तेव्हा व्हाइट हाउसमध्ये अँड्र्यू जॅक्सन राहत होते आणि त्यांच्याकडे नळाचं पाणी नव्हतं. राष्ट्राध्यक्षाला नाही ते चोराला!

पण एक मिनिट, हे सगळं कशासाठी होतं? कैद्याला कोठडीबाहेर पडायचं काही कारणच उरू नये म्हणून. आंघोळीला बाहेर नको, संडासला बाहेर नको, कामही आतच, कोणी चपला-बूट शिवतोय, कोणी विणकाम करतोय. वाचायला बायबल. दिवसातून एक तास मागच्या अंगणात, तेही शेजारचा कैदी त्याच वेळी बाहेर येणार नाही अशा हिशोबाने. कोठडीतून कुठे न्यायचंच झालं तर डोक्यावरून कापडाची टोपी, चेहरा पूर्ण झाकणारी, म्हणजे हा कोणाला ओळखणार नाही आणि याला कोणी ओळखणार नाही. गार्ड बुटांवर मोजे चढवून फिरायचे, जेवणाच्या गाडीच्या चाकांना चामडं गुंडाळलेलं. आवाज नको म्हणून. माणसाच्या पावलाचा आवाजसुद्धा नको.

पहिला कैदी आला 25 ऑक्टोबर 1829 ला. चार्ल्स विल्यम्स, नंबर 1. पेशाने शेतकरी, कृष्णवर्णीय, उंची 5 फूट 7 इंच, नाकावर जखमेचा व्रण, वाचता येतं, एवढं सगळं रजिस्टरमध्ये लिहून ठेवलंय. गुन्हा काय तर घरफोडी. 20 डॉलरचं घड्याळ, 3 डॉलरचा सोन्याचा शिक्का आणि एक सोन्याची किल्ली. शिक्षा दोन वर्षं. किल्ली चोरली म्हणून कुलपात, असं कोणीतरी म्हणालं असेलच तेव्हा. पण जरा विचार करा, त्या दिवशी आख्ख्या जेलमध्ये कैदी म्हणून हा एकटाच. आजूबाजूच्या रिकाम्या कोठड्या, बांधकाम अजून चालू, आणि हा बसलाय वर त्या काचेकडे बघत.

माणसं गप्प बसली का? छे! पाइपवर टकटक करून बोलायचे, अंगणाच्या भिंतीवरून चिठ्ठ्या फेकायचे. पकडले गेले की शिक्षा. आणि दयाळूपणाच्या या कारखान्यात शिक्षा कसल्या होत्या तेही ऐका, आयर्न गॅग म्हणून एक लोखंडी प्रकार होता, तो तोंडात अडकवून साखळीने मागे हातांना जोडायचे, हलला की जबड्याला ताण. 1833 मध्ये त्यात एक कैदी मेला. चौकशी झाली, आणि जेल चालू राहिलं.

1842 ला इंग्रज कादंबरीकार चार्ल्स डिकन्स अमेरिकेत आला तेव्हा त्याने हे जेल मुद्दाम जाऊन पाहिलं. कैद्यांशी बोलला. आणि त्याचं मत झालं, की मेंदूशी रोज थोडी थोडी चालणारी ही छेडछाड शरीराच्या कुठल्याही छळापेक्षा कितीतरी वाईट आहे, कारण हिचे वळ कोणाला दिसत नाहीत. हे चालवणारी माणसं दुष्ट आहेत असं मात्र तो म्हणाला नाही. आपण काय करतोय ते त्यांना कळत नाही, एवढंच म्हणाला. मला हे जास्त भयंकर वाटतं.

तरीपण ही डिझाइन जगाला एवढी आवडली की जवळपास 300 जेलं याच धर्तीवर बांधली गेली, युरोप, दक्षिण अमेरिका, चीन, जपान. आणि आपल्यापैकी कोणी इथे आलं ना, तर त्या मधल्या गोल खोलीत उभं राहिल्यावर डोक्यात एकच गोष्ट येणार. अंदमान. मध्ये टॉवर, सात पाखं, प्रत्येक कैद्याला वेगळी कोठडी, म्हणून तर नाव सेल्युलर. ते बांधलं 1896 ते 1906 मध्ये. फिलाडेल्फियाच्या लोकांनी चोराला सुधारायला जी एकट्याची कोठडी काढली, तीच इंग्रजांनी राजकीय कैद्यांना एकमेकांपासून तोडायला वापरली. पोर्ट ब्लेअरला सातांपैकी तीनच पाखं उरलीत. इथे सातही उभी आहेत.

इथली सिस्टिम पण हळूहळू ढासळली, कारण अगदी साधं, कैदी वाढले. एकाच्या कोठडीत दोघं, मग दोन आऱ्यांच्या मधल्या जागेत नवीन ब्लॉक घुसडले, ते मधून नीट दिसेनात म्हणून आरसे लावले, असला सगळा जुगाड. 1913 मध्ये एकांतवासाची पद्धत अधिकृतपणे बंदच केली. पुढे हे एक साधं, गर्दीचं, खेळ आणि भांडणं असलेलं जेल झालं. 1923 पर्यंत इथे बायकाही होत्या.

आता ज्यासाठी अर्धं पब्लिक येतं ती कोठडी. अल कपोन, शिकागोचा डॉन. 1929 ला फिलाडेल्फियात विनापरवाना पिस्तुल बाळगलं म्हणून सापडला आणि इथे साधारण आठ महिने होता. पेपरात तेव्हा छापून आलं होतं, की साहेबांच्या कोठडीत गालिचा आहे, छान फर्निचर आहे, रेडिओ आहे. सगळे फोन काढतात, फोटो घेतात, पुढे जातात. मला विचाराल तर त्याच्यापेक्षा पेप भारी. पेप हा काळा कुत्रा, 1924 ला आत आला, त्याला कैद्याचा नंबर दिला, सी-2559, आणि गळ्यात नंबर अडकवून फोटो पण काढला, कैद्यांचा काढतात तसा. गोष्ट अशी पसरली की याने गव्हर्नरच्या बायकोची मांजर मारली म्हणून याला जन्मठेप! खरं म्हणजे गव्हर्नरच्या घरच्यांनी कैद्यांना विरंगुळा म्हणून तो पाठवला होता. फोटोतला त्याचा चेहरा मात्र असा पडलाय की जन्मठेपेचीच गोष्ट खरी वाटते.

1971 ला जेल बंद झालं आणि पुढची वीसेक वर्षं नुसतं पडून. छतं गळली, कोठड्यांमधून झाडं उगवली, अक्षरशः जंगल, आणि मांजरांचं राज्य. एक केअरटेकर वर्षानुवर्षं येऊन त्या मांजरांना खायला घालायचा. 1980 मध्ये शहराने जागा विकत घेतली, मग अर्थातच बिल्डर लोकांची नजर, शहराच्या मध्यभागाच्या एवढ्या जवळ 11 एकर म्हणजे काय! 1988 ला काही इतिहासप्रेमी आणि आर्किटेक्ट मंडळींनी महापौर विल्सन गुड यांच्याकडे जाऊन ते थांबवलं. 1994 पासून नियमित टूर सुरू झाल्या, आणि सुरुवातीला डोक्यावर हेल्मेट घालून, माझं काही बरंवाईट झालं तर माझी जबाबदारी असा कागद सही करून आत जावं लागायचं.

इथल्या लोकांनी एक गोष्ट फार हुशारीने केली, रंगरंगोटी केली नाही. पडझड आहे तिथेच थांबवली, बस. काही भाग दुरुस्त केले, आतलं ज्यू प्रार्थनास्थळ तर अगदी सुंदर केलंय, पण बाकी पोपडे तसेच, गंजलेली खाट तशीच. आपल्याकडे हेरिटेज म्हटलं की आधी ऑइलपेंटचा डबा उघडतात, ती सवय इथे नाही. कानाला हेडफोन लावून फिरायचं, आणि त्यात खऱ्या गार्डचे, खऱ्या कैद्यांचे आवाज आहेत, कसं वाटायचं ते तेच सांगतात.

हॅलोविनचा, म्हणजे तिकडच्या भुताखेतांच्या सणाचा, प्रकार मात्र आहे. 1991 ला दुरुस्तीला पैसे जमवायला म्हणून सुरू झाला, भूतबंगला, किंकाळ्या, मेकअप केलेले नट, आणि तो इतका चालला की जेलचा मोठा खर्च त्यावर निघायला लागला. जिथे माणसं खरोखर वेडी झाली तिथे तिकीट काढून घाबरायचं, हे मला काही पचत नाही. पण त्या पैशावर भिंती उभ्या आहेत हेही खरं. 2021 पासून त्याचं नाव आणि स्वरूप बदललंय. आणि बाहेर अंगणात 2014 पासून 16 फूट उंच लोखंडी आलेख उभा केलाय, अमेरिका आपली किती माणसं तुरुंगात ठेवते त्याचा. सगळ्यात उंच खांब बघायला मान पार मागे टाकावी लागते.

जाता जाता सात नंबरचा ब्लॉक बघू. क्लॅरेन्स क्लाइनडिन्स्ट, प्लास्टरचं काम करणारा कैदी, हाताला चांगला. त्याने आणि त्याच्या कोठडीतल्या जोडीदाराने साधारण वर्षभर खपून भिंतीखालून जवळपास 100 फुटांचा बोगदा खणला, आत लाकडाचे टेकू, विजेचे दिवे सुद्धा, आणि माती खिशातून नेऊन अंगणात थोडी थोडी सांडायची. 3 एप्रिल 1945 ला सकाळी 12 जण त्यातून पळाले. त्यात विली सटन हा नावाजलेला बँक लुटारू होता, तो काही मिनिटांत सापडला, आणि नंतर आयुष्यभर बोगद्याचं सगळं क्रेडिट स्वतः घेत फिरला. क्लाइनडिन्स्ट काही तासांत पकडला गेला.

जेम्स ग्रेस मात्र सापडला नाही. पोलीस शोधत राहिले, दिवस जात राहिले. आणि साधारण आठवड्याने तोच चालत आला, या गेटवर, बेल वाजवली आणि म्हणाला मला आत घ्या. उपाशी होता.