कोबी लपतो, गांजा लपत नाही

नमस्कार मंडळी. पत्रिकेत विषय छापलाय "भाजीपाल्यातील सोबतीची झाडे", पण मी खरं तर लपवाछपवीबद्दल बोलणार आहे. माझं म्हणणं एवढंच आहे की कोबीशेजारी लावलेलं झाड किडीला मारत नाही, बहुतेक वेळा हाकलतही नाही, ते कोबीला लपवतं. पाऊण तास दिलाय, त्यातली दहा मिनिटं सत्कारात गेली, नारळाबद्दल आभारी आहे, शाल मात्र दरवर्षी मे महिन्यातच का देता ते कळत नाही.

तर "लपवणं" हा शब्द काढला की मागच्या रांगेतून हमखास एक प्रश्न येतो, आणि विचारणारा हसत हसतच विचारतो, "म्हणजे सर, तुरीत गांजा लावतात तसं का?" बघा, आज कोणी विचारायच्या आत सगळे हसले. आधी तेच उरकून टाकू. हो, लावतात लोक, तुरीत लावतात, उसात लावतात, कपाशीत लावतात, आणि मग पेपरात फोटो येतो, उपटलेल्या झाडांचा ढीग, मागे रांगेत पोलीस. आता सांगा, लपलं असतं तर फोटो आला असता का? फुलोऱ्यावर आलं की त्याचा वास असा सुटतो की शेजारी तूर असो नाहीतर निशिगंध, काही फरक पडत नाही. आणि माणूस पान ओळखतो हो, लोकांनी टी-शर्टवर छापलंय ते पान. कायदा 1985 चा, अमली पदार्थांचा, एनडीपीएस म्हणतात तो, लागवडीला दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी, वर लाखापर्यंत दंड, आणि गच्चीवरचं कुंडीतलं एक झाड हीसुद्धा लागवडच. तिकडे कॅनडात 2018 पासून बहुतेक प्रांतांत घरटी चार झाडं लावू देतात, पण तिथल्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात अट अशी की बाहेरच्या सार्वजनिक जागेतून ती दिसता कामा नयेत. म्हणजे तिथे आडोसा करायला सरकारच सांगतं. असो, आपण पुण्यात आहोत.

पण हा विषय निघालाच आहे तर आमच्या सोसायटीतलं अंबाडी प्रकरण सांगतो, ज्यांनी ऐकलंय त्यांनी पुन्हा ऐका. तळमजल्यावर एक काका राहतात, मूळचे लातूरकडचे. त्यांनी कंपाउंडच्या भिंतीलगत वांगी लावली आणि कडेनं अंबाडी, गावाकडे धुऱ्यावर टाकतात तशी. श्रावण-भाद्रपदात ती पुरुषभर वाढली. आता ज्यांनी अंबाडी फक्त ताटात बघितली, कण्या घालून, वर लसणाची फोडणी, त्यांनी झाड कधी बघितलेलं नसतं. बोटं पसरल्यासारखं पान, दातेरी कडा, सरळसोट दांडा. शास्त्रीय नावच हिबिस्कस कॅनाबिनस ठेवलंय, कॅनाबिनस म्हणजे गांजासारखं, म्हणजे शास्त्रज्ञालासुद्धा तेच आठवलं होतं. (शरबताची ती लाल बोंडांची अंबाडी वेगळी, तिचे प्रश्न नंतर.)

तिसऱ्या मजल्यावरच्या एका मुलानं गॅलरीतून फोटो काढला आणि ग्रुपवर टाकला, खाली फक्त तीन प्रश्नचिन्हं. झालं. संध्याकाळपर्यंत "आपल्या मुलांच्या भवितव्याचं काय" इथपर्यंत गाडी गेली, एक वहिनी म्हणाल्या मला रात्री वासही येतो, आणि सेक्रेटरींनी थेट पोलिसांना फोन लावला. काका बिचारे सगळ्यांना सांगतायत की अहो भाजी आहे, आंबट असते, खाऊन बघा. पण गांजा खाऊन बघा असं म्हणणाऱ्या माणसाकडे लोक कसे बघतील तसे बघत होते.

हवालदार आले ते नांदेडकडचे निघाले. त्यांनी लांबूनच बघून कपाळाला हात लावला. मग जवळ जाऊन एक पान तोडलं आणि सगळ्या कमिटीला दाखवलं, की हे बघा, हे एकच पान आहे, बोटं बुडाशी जोडलेली आहेत, गांज्याच्या पानात प्रत्येक पट्टी देठापाशी सुटी असते. आणि खोडावर हात फिरवा, बारीक काटे लागतील. आणि अजून थोडे दिवस थांबा, फिकट पिवळं मोठं फूल येईल, आत गडद जांभळा डोळा, भेंडीच्या फुलासारखं, गांज्याला असलं फूल येतच नाही. मी सांगतो, बॉटनीचा इतका स्वच्छ तास मला कॉलेजात मिळाला नाही. जाताना जुडीभर पाला घेऊन गेले, काकूंनी बळंच दिला.

इथे गोष्ट संपायला हवी होती ना? नाही. पुढच्या मीटिंगमध्ये ठराव झाला की सदर झाड अंबाडी असल्याचे निष्पन्न झाले आहे, तथापि ते गांजासारखे दिसत असल्याने काढून टाकावे. सदर! तथापि! आणि काढलं. त्या वर्षी काकांची वांगी शेंडे पोखरणाऱ्या अळीनं धुतली. अंबाडी काढली म्हणूनच अळी आली असं मी इथे म्हणणार नाही, एका बागेवरून असं म्हणता येत नाही. मीटिंगमध्ये मात्र म्हणालो.

अध्यक्ष घड्याळ दाखवतायत. बरं, मूळ विषय, भरभर.

इंग्लंडमध्ये फिंच आणि कोलियर या दोन कीटकशास्त्रज्ञांनी, जिच्या अळ्या कोबीची मुळं खातात त्या माशीवर वर्षानुवर्षं काम केलं आणि 2000 साली एक सिद्धांत मांडला. माशी कोबीच्या वासावर त्या भागात येते, इथपर्यंत नाक. पण उतरताना तिला फक्त हिरवं कळतं, ती उघड्या मातीवर उतरत नाही, जे हिरवं दिसेल त्यावर उतरते. मोकळ्या वाफ्यात हिरवं म्हणजे कोबीच, म्हणून नेम बरोबर बसतो. उतरली की पायानं चव घेते, उडते, पुन्हा उतरते, असं तीन-चारदा कोबीच लागला तर अंडी घालते. मध्येच पाय कोबीत लावलेल्या क्लोव्हरवर (लसूणघासासारखा चारा) पडला की सगळं पहिल्यापासून, आणि कंटाळून निघून जाते. उघड्या मातीतल्या कोबीपाशी 36 टक्के माश्यांनी अंडी घातली, क्लोव्हरमधल्या कोबीपाशी 7 टक्के. आणि गंमत म्हणजे क्लोव्हरऐवजी हिरव्या पुठ्ठ्याचे तुकडे ठेवले तरी तेच झालं! पुठ्ठ्याला कसला वास येतो? म्हणून "तुळस लावा, वासानं कीड पळते" हे ऐकलं की मी गप्प बसतो, वाद नको.

झेंडूचं गणित याच्या उलटं, तो लपवत नाही, स्वतःला पुढे करतो. टोमॅटोच्या 16 ओळींना झेंडूची एक ओळ, आफ्रिकन झेंडू, रोपं लावताना झेंडू 45 दिवसांचा आणि टोमॅटो 25 दिवसांचा, म्हणजे दोघांना फुलं बरोबर येतात आणि फळ पोखरणाऱ्या अळीची मादी अंडी झेंडूच्या कळीवर घालते. कोबीला तशीच मोहरी, 25 ओळींना दोन. पण झेंडूच्या त्या कळ्या तोडून नष्ट करायला लागतात हो, दसऱ्याला होतील म्हणून ठेवल्यात तर तुम्ही अळ्यांची खानावळ उघडलीत. केनियातलं मक्याचं पुश-पुल, म्हणजे एक झाड किडीला हाकलतं आणि दुसरं ओढून घेतं, ते राहिलं, पुढच्या वेळी.

हां, ताई, काय विचारताय? कोबीत मेथी-कोथिंबीर चालेल का? चालेल, आपल्याला हिरवंच हवंय, शिवाय ते खाता येतं. फक्त कोबीच्या निम्म्या उंचीपर्यंत तरी ती यायला हवी, खाली जमिनीलगत राहिली तर माशीला कोबी वरून दिसतोच. म्हणून मेथी आधी पेरा, कोबी मागून लावा, आणि सगळी एकदम उपटू नका, एकाआड एक काढा.