मोठा कोंबडा आणि चांगला कोंबडा

मंडळी, आजचा विषय 'मोठ्या कोंबड्या' असा छापलाय. त्यामुळे निम्मे लोक वजनाचे आकडे ऐकायला आले असणार. ते आधीच देऊन टाकतो. अमेरिकन मानकात, म्हणजे प्रदर्शनातला पक्षी कसा असावा याच्या लेखी नियमांत, फिकट ब्रह्मा जातीचा पूर्ण वाढलेला नर १२ पौंडांचा, म्हणजे साडेपाच किलोच्या आतबाहेर. मादी साडेनऊ पौंडांची. जर्सी जायंटचा नर १३ पौंडांचा. आपण दुकानातून जो बॉयलर आणतो तो दोन किलोच्या आसपास, आणि तेही जेमतेम सहा आठवड्यांचं पिल्लूच असतं. झाले आकडे.

आता मोबाइलवर 'जायंट ब्रह्मा' म्हणून जी पिल्लं विकली जातात, त्यांच्याकडे वळू. गिऱ्हाईक काय बघतं? पायावर पिसं आहेत का, आणि तुरा बुटका आहे का. नेमक्या या दोन खुणा सगळ्यात स्वस्त आहेत. पायावरची पिसं हा वरचढ गुण. ब्रह्माच्या नराखाली साधी गावठी मादी ठेवली तरी पिल्लांच्या पायांवर पिसं येतात. बुटक्या, तीन ओळींच्या तुऱ्याचंही तेच. इंग्रज शास्त्रज्ञ विल्यम बेटसनने १९०२च्या सुमारास मेंडेलचे आनुवंशिकतेचे नियम प्राण्यांनाही लागू पडतात हे दाखवलं, ते कोंबड्यांच्या तुऱ्यांवरच. म्हणजे ज्या खुणांवर आपण पैसे मोजतो, त्या एका पिढीच्या संकरात मिळतात. सांगाडा तसा मिळत नाही. त्यामागे पुष्कळ जनुकं असतात, आणि ती एका रेषेत आणायला वर्षानुवर्षं निवड करावी लागते.

म्हणून कोंबड्यांच्या प्रदर्शनातला चांगला परीक्षक रंगाकडे सगळ्यात शेवटी बघतो. आधी तो पिंजऱ्यापासून चार पावलं लांब उभा राहतो आणि पक्षी स्वतःहून कसा उभा राहतो ते बघतो. मग दार उघडून पक्षी डोक्याच्या बाजूने बाहेर काढतो. तळहात छातीखाली, दोन्ही पाय बोटांच्या मध्ये. अशा पकडीत पाच किलोचा कोंबडासुद्धा फडफडत नाही. छातीच्या हाडावरून बोट फिरवतो: सरळ आहे की वाकलंय, लांबी किती, दोन्ही बाजूंना मांस सारखं आहे का. पाठीची रुंदी खांद्यापासून शेपटीच्या मुळापर्यंत टिकते की मागे निमुळती होते? एक पंख उलगडून पिसांच्या रांगेत फट आहे का ते बघतो. शेपूट एका बाजूला कललेली असेल तर पक्षी तिथेच बाद. शेपटीखालची पिसं बाजूला करून उवा, गोचीड बघतो. तिथे किडे दिसले की मालकाचं सगळं वर्ष उघडं पडतं. नंतर तराजू. पक्षी परत आत जातानाही डोकं पुढे, नाहीतर पिसं मोडतात. अनुभवी परीक्षकाला हे सगळं दीड-दोन मिनिटांत जमतं. नवख्याची मात्र नजर तुऱ्यावरच अडकते.

हा प्रदर्शनांचा प्रकार आला कुठून? इंग्लंडमध्ये १८३५ आणि १८४९च्या कायद्यांनी कोंबड्यांच्या झुंजी बंद झाल्या. त्याच सुमारास चीनमधून भलेमोठे कोचीन पक्षी तिथे पोहोचले आणि लोकांना वेड लागलं. १८४९मध्ये अमेरिकेत बोस्टनला तिथलं पहिलं मोठं प्रदर्शन भरलं. ब्रह्मा त्याच वेडातला. नाव ब्रह्मपुत्रेवरून, पण पक्षी निघाले शांघायच्या बंदरातून. प्रदर्शन म्हटलं की भांडण आलंच: माझा मोठा की तुझा? म्हणून नियम लिहावे लागले. इंग्लंडचे १८६५मध्ये आले, अमेरिकन पोल्ट्री असोसिएशनचे १८७४मध्ये.

लिहिलेला नियम पक्ष्याचं भलंच करतो असं मात्र नाही. पट्ट्यापट्ट्यांच्या प्लायमाउथ रॉक जातीत पट्ट्यांचं जनुक नर-मादी ठरवणाऱ्या गुणसूत्रावर असतं. नराकडे ते दोन, मादीकडे एक, त्यामुळे नर दिसायला फिकटच होणार. मानकाने मात्र दोघांचा रंग सारखा मागितला. परिणाम असा की पाळणाऱ्यांना नरांसाठी एक वंश आणि माद्यांसाठी दुसरा असे दोन कळप ठेवावे लागले. एक ढाल जिंकायची तर दुसऱ्या कळपातले नर नुसते दाणे खायला! मला हा शुद्ध वेडेपणा वाटतो. कोचीनचंही तसंच. पिसांचा फुगारा वाढवण्याच्या नादात अंडी मागे पडली.

आणि हवामान? बुटका तुरा, अंगभर दाट पिसं, पायात पिसांचे मोजे हे बर्फात राहणाऱ्या माणसाने मागितलेले गुण आहेत. लांब तुरा बर्फात गोठतो, बुटका वाचतो. आपल्याकडे तुरा उष्णता बाहेर टाकायला कामी येतो, म्हणून मे महिन्यात मुंबईतला ब्रह्मा चोच उघडी ठेवून धापा टाकत असतो, आणि जुलैत त्याच्या पायांच्या पिसांना चिखलाचे गोळे लटकतात. पाळायचाच असेल तर सावली, वारा, सुकी जमीन आणि बसायला फूटभर उंचीचाच दांडा हवा. पाच किलोचं अंग उंचावरून रोज उडी मारून उतरलं तर तळव्याला गळू होतं.

मग मोठा देशी पक्षी कोणता? असील. रुंद खांदे, घट्ट आणि तुटपुंजी पिसं, जाड हाड, म्हणजे या उन्हाचाच पक्षी. त्याचं अमेरिकन मानक १९८१चं, आणि त्यात नराचं वजन साडेपाच पौंड, म्हणजे अडीच किलो! आपल्याकडची पुस्तकं असील नराला ४ ते ५ किलो देतात. इथला कुलंग, म्हणजे उंच चणीचा असील, त्या मानकात बसतच नाही, कारण परदेशात प्रामुख्याने लहान चणीचा असील गेला आणि त्याच्यावरून नियम लिहिले गेले. गंमत बघा, इंग्लंडच्या कॉर्नवॉलमध्ये याच असीलपासून कॉर्निश जात तयार झाली, आणि कॉर्निशचं रक्त आजच्या बॉयलरमध्ये आहे.

कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरोने असील, कडकनाथ, आपल्या नंदुरबारकडचा बुसरा अशा जातींची नोंद केली आहे. नोंदीत पक्षी कसा आहे ते कळतं. तो कसा असावा हे ठरवणं पाळणाऱ्यांचं काम, आणि ते आपण झुंजीवर सोडलं. १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने झुंजी लावणं गुन्हा ठरवलं, तरी 'चांगला असील' म्हणजे जिंकणारा असील हा हिशेब डोक्यातून गेलेला नाही. भांडकुदळपणा बाजूला ठेवून नुसत्या बांध्यावर गुण देणारा कागद आपणच लिहायला हवा, तोही मोठ्या चणीच्या पक्ष्यासाठी.

सुरुवात करणाऱ्यांना दोन गोष्टी सांगतो. प्रत्येक पिल्लाच्या पायात क्रमांकाची कडी घाला आणि आईबाप वहीत लिहा. आणि नर घाईने निवडू नका. मोठ्या जातींत आधी हाड वाढतं, मांस नंतर भरतं. पाच-सहा महिन्यांचा कोंबडा नुसता उंच आणि ओबडधोबड दिसतो, म्हणून लोक तो आधी कापतात आणि लवकर भरलेला गुटगुटीत भाऊ ठेवतात. चार पिढ्या हे केलं की कळप लहान होतो, आणि मालक दाण्याला दोष देत बसतो. दीड वर्षाचा झाल्यावर त्याला पुन्हा हातात घ्या आणि मग ठरवा.