हरवलेला बोल्ट

नमस्कार, श्रोतेहो.

घरातून निघायची घाई आहे, पायात चपला घातल्या आहेत आणि किल्ली सापडत नाही. हा प्रसंग काय असतो ते तुम्हाला सांगायला नको. शोधाशोधीत दहा मिनिटं जातात आणि मग ती भरून काढायला आपण रस्त्यानं पळत सुटतो. धाप लागते, पण मिनिटं काही परत येत नाहीत.

संस्था वाढायची तर तिथलं काम झपाट्यानं आणि नेटकं कसं व्हावं, या विषयावर मला आज बोलायचं आहे. मिळालेल्या वेळातला निम्मा वेळ मी एका बोल्टला देणार आहे. उत्पादन-नियोजनाच्या कामात माझी बरीच वर्षं गेली आणि त्यात जे खरोखर कळलं, ते सगळं या एका बोल्टच्या गोष्टीत सामावलेलं आहे.

साल १९५०. जपानमधलं हिरोशिमा. शहरावर अणुबॉम्ब पडून पाच वर्षं झाली होती. तिथं तोयो कोग्यो नावाचा कारखाना होता. पुढे माझदा म्हणून जगाला माहीत झाला, तोच. त्या काळी तिथं तीनचाकी गाड्या तयार होत. पत्र्याला आकार देणारी तीन अवजड यंत्रं होती, आपण प्रेस म्हणतो ती. एक ३५० टनांचा दाब देणारी, एक ७५० टनांची आणि एक ८०० टनांची. कारखान्याचं सगळं काम या तीन यंत्रांपाशी येऊन तुंबायचं. मागून माल येतोय, पुढचे लोक वाट बघत बसलेत, आणि मध्ये ही तीन यंत्रं.

जपान मॅनेजमेंट असोसिएशनचे सल्लागार शिगेओ शिंगो यांच्याकडे हा तुंबा मोकळा करायचं काम आलं. शिंगोंनी मागितलं काय? आठवडाभर घड्याळ घेऊन या यंत्रांशेजारी बसायची परवानगी. विभागप्रमुखांना हे पटेना. सगळ्यात तरबेज माणसं याच यंत्रांवर लावली आहेत, यंत्रं रात्रंदिवस चालू आहेत, आता आणखी यंत्रं विकत घेणं एवढा एकच मार्ग उरला आहे आणि वरच्या लोकांचंही तेच मत आहे, असं त्यांचं म्हणणं. शिंगोंनी तोड काढली. मला बघू तर द्या, दुसरा मार्ग नाहीच निघाला तर यंत्रं घ्या असं मीच व्यवस्थापनाला सांगतो. या बोलीवर त्यांना बसायला मिळालं.

इथं मला जरा थांबायचं आहे. नुसतं बसून बघणं हेही काम आहे, असं फार थोड्या संस्थांत मानतात. रिकाम्या हातानं उभा असलेला माणूस दिसला की साहेबांच्या कपाळाला आठी पडते. माझं तर स्पष्ट मत आहे की नव्या अधिकाऱ्याला पहिला महिनाभर खुर्ची देऊच नये. स्टूल द्यावं, आणि ते कामाच्या जागी ठेवावं. त्याच्यापुढे टेबलही नको, कारण टेबल आलं की कागद येतात आणि कागद आले की मान खाली जाते. असो, हिरोशिमाला परत जाऊ.

तिसऱ्या दिवशी ८०० टनांच्या प्रेसवर डाय, म्हणजे साचा, बदलायची वेळ आली. एका भागाचं काम संपलं, आता दुसऱ्या भागाचा साचा चढवायचा. जुना साचा उतरला आणि माणसं एकदम सैरावैरा धावू लागली. शिंगोंनी त्यांच्या फोरमनला विचारलं, काय झालं? तो म्हणाला, नवा साचा आवळायचे बोल्ट साच्याबरोबरच होते अशी खात्री होती, पण त्यातला एक सापडत नाही, सगळीकडे बघून झालं. शिंगो म्हणाले, सापडला की इथंच याल ना, मी थांबतो. आणि ते यंत्राशेजारी बसून राहिले.

चित्र डोळ्यांपुढे आणा. ज्या यंत्रापायी अख्खा कारखाना अडला होता, ज्याच्या जोडीला नवी यंत्रं घ्यायचं घाटत होतं, ते ८०० टनांचं यंत्र मुकाट उभं आहे. एका बोल्टसाठी.

तासाहून जास्त वेळ गेला. मग तो फोरमन घामानं निथळत धावत आला, उजव्या हातात बोल्ट उंच धरलेला. सापडला वाटतं, असं शिंगोंनी विचारलं. तर तो म्हणाला, सापडला नाही, शेजारच्या प्रेसचा लांब बोल्ट काढला, कापून आखूड केला, त्यावर आटे पाडले, म्हणून इतका वेळ लागला.

आता सांगा, हा माणूस कामचुकार होता का? मुळीच नाही. लोखंड कापणं, त्यावर आटे पाडणं हे कसबी हाताचं काम आहे आणि त्यानं ते धावतपळत केलं. तासभर त्यानं जीव तोडून मेहनत केली. आणि त्या तासभरात यंत्रातून एकही भाग बाहेर पडला नाही. मेहनत भरपूर, काम शून्य. पुन्हा सांगते: मेहनत भरपूर, काम शून्य.

शिंगोंनी त्याला चार बरे शब्द ऐकवले, पण त्यांच्या डोक्यात दुसराच प्रश्न होता. या यंत्राच्या मापानं बोल्ट कापला, आता शेजारच्या यंत्रावर साचा चढवायची वेळ येईल तेव्हा काय करणार? असं नेहमी होतं का, असं त्यांनी विचारलं. उत्तर आलं: नेहमी नाही, मधूनअधून होतो त्रास.

मधूनअधून! हा शब्द कुठेही कानावर आला की मी वही उघडते. रोज येणाऱ्या अडचणीवर कुणीतरी केव्हाच तोडगा काढलेला असतो. मधूनअधून येणारी अडचण कुणाचीच नसते, तिची नोंद होत नाही, आणि म्हणून ती वर्षानुवर्षं मुक्काम ठोकून राहते.

त्या दिवसाच्या नोंदी मांडल्या तेव्हा दिसलं की त्या मोठ्या प्रेसनं पत्र्यावर प्रत्यक्ष काम केलं होतं ते दिवसाच्या ३ टक्क्यांहूनही कमी वेळ. बाकीच्या ९७ टक्क्यांत काय चाललं होतं? उतरवणं, चढवणं, जुळवणं, आणणं, शोधणं. आणि म्हणणं होतं की यंत्र कमी पडतं!

मग शिंगोंनी ही कामं दोन वाट्यांत घातली. यंत्र थांबवल्याशिवाय जे करताच येत नाही, तो एक वाटा. जुना साचा उतरवणं, नवा चढवणं यात आलं. यंत्र चालू असताना जे करून ठेवता येतं, तो दुसरा वाटा. बोल्ट आहेत की नाही बघणं, ते साच्याशेजारी आणून ठेवणं यात आलं. त्यांनी बोल्ट आधी तपासून पेटीत भरून ठेवायची पद्धत घालून दिली. एक पेटी, बाकी काही नाही. कार्यक्षमता सुमारे ५० टक्क्यांनी वाढली आणि तुंबा मोकळा झाला.

एवढंच सूत्र लक्षात ठेवा: थांबण्याआधी होऊ शकतं ते थांबल्यावर करायचं नाही. गॅस पेटवून ठेवून चिरायला कुणी बसत नाही, घरात हे सगळ्यांना कळतं. कचेरीच्या पायऱ्या चढलो की आपण हे विसरतो.

ही पेटी भरायची कुणी? स्टोअरमधल्या माणसानं. आणि यावर बोलल्याशिवाय मला राहवत नाही. कुठल्याही संस्थेत स्टोअर सांभाळणारा माणूस सगळ्यात दुर्लक्षित असतो. त्याची खोली अंधारी, पंखा जुना, आणि बढतीच्या यादीत त्याचं नाव शेवटी. माझ्या लेखी संस्थेचा वेग ठरवणाऱ्या पहिल्या तीन माणसांत तो येतो. त्याला चांगला उजेड द्या, कपाटांवर त्याला स्वतःला वाचता येईल अशा अक्षरात नावं लिहू द्या, आणि नियोजनाच्या बैठकीला बोलवा. दुसऱ्या दिवशी काय लागणार हे ज्याला आदल्या दिवशी कळायला हवं, त्याला आपण सगळ्यात शेवटी सांगतो.

गोष्टीचा उरलेला भाग. १९५७ साली हिरोशिमालाच मित्सुबिशीच्या जहाज कारखान्यात शिंगोंनी इंजिनांच्या लोखंडी बैठकी रंधून सपाट करणाऱ्या यंत्राला दुसरं टेबल जोडायला लावलं. एका टेबलावर काम चालू असताना दुसऱ्यावर पुढची बैठक जुळवून तयार. उत्पादकता ४० टक्क्यांनी वाढली. थांबवून करायचं काम न थांबवता करायच्या वाट्यात ओढून नेता येतं, हे त्या दिवशी हाती लागलं होतं, पण त्याचं मोल तेव्हा आपल्या ध्यानात आलं नाही, अशी खंत शिंगोंनी पुढे मोकळेपणानं व्यक्त केली. मग १९६९ मध्ये टोयोटात १००० टनांच्या प्रेसवर साचा बदलायला ४ तास लागत होते. जर्मनीत फोक्सवागेन तेच काम २ तासांत करायची. सहा महिन्यांच्या खटपटीनंतर टोयोटात ते दीड तासावर आलं. सगळे खूश. तेवढ्यात वरून निरोप आला, आता ३ मिनिटांत करा. दीड तासाची तीन मिनिटं! आणि तीन महिन्यांत ते झालं. हिरोशिमाच्या बोल्टपासून इथपर्यंत यायला १९ वर्षं लागली.

यानं संस्था वाढते ती कशी? साचा बदलायला ४ तास जाणार असतील तर कुणीही म्हणेल, बदलताच आहात तर महिनाभराचा माल काढून ठेवा. मग तो माल गोदामात पडून राहतो, पैसा त्यात अडकतो, आणि महिन्याच्या मध्यात गिऱ्हाइकानं वेगळं काही मागितलं तर हात वर. तीन मिनिटांत बदल होत असेल तर आज लागतं तेवढंच आज करा, उद्याचं उद्या. अडकलेला पैसा सुटतो आणि तोच वाढीला लागतो.

कचेरीतही हिशोब तोच. जॉन लिटल या अमेरिकी प्राध्यापकांनी १९६१ मध्ये रांगांविषयीचा एक साधा नियम गणितानं सिद्ध केला. हातात घेतलेली कामं भागिले रोज पुरी होणारी कामं, म्हणजे एका कामाला लागणारे दिवस. हातात ६० प्रकरणं आहेत, रोज १० निकालात निघतात, तर आज आलेल्या माणसाला सरासरी ६ दिवस लागणार. त्याला ३ दिवसांत मोकळं करायचं तर हात दुप्पट वेगानं चालवा, नाहीतर एका वेळी ३०च प्रकरणं उघडी ठेवा. पुन्हा सांगते, एका वेळी उघडी कामं कमी ठेवा. सगळं एकदम सुरू करणाऱ्याला लोक कामसू म्हणतात. मी एक काम संपवून दुसऱ्याला हात घालणाऱ्याला कामसू म्हणते.

वेगाची दुसरी बाजूही सांगायला हवी. १९१३ मध्ये हेन्री फोर्ड यांच्या हायलंड पार्क कारखान्यात सरकता पट्टा आला. गाडीचा सांगाडा जुळवायला आधी साडेबारा तास लागत, पुढच्या वसंतापर्यंत ते काम ९३ मिनिटांवर आलं. कौतुकच आहे. पण तेच ते काम पट्ट्याच्या तालावर करून माणसं विटली आणि सोडून जाऊ लागली. सुमारे १४,००० कामगार टिकवण्यासाठी १९१३ या एका वर्षात ५२,००० हून अधिक माणसं भरती करावी लागली. जानेवारी १९१४ मध्ये फोर्डनी दिवसाला ५ डॉलर आणि ८ तासांचा दिवस जाहीर केला, तेव्हा ही गळती झपाट्यानं कमी झाली. वेगातून मिळालेलं जे काही असेल त्यातला वाटा काम करणाऱ्याला मिळालाच पाहिजे, आणि तो मागायची वेळ त्याच्यावर येऊ नये. घड्याळ यंत्रावर लावा, कामावर लावा, रांगेवर लावा. माणसाच्या छातीवर लावू नका. शिंगोंनी फोरमनवर घड्याळ धरलं असतं तर अहवालात एवढंच आलं असतं की हा माणूस तासभर जागेवर नव्हता.

आता माझा एक लहानसा अनुभव सांगते आणि तुमचा निरोप घेते. मी एका कचेरीत होते तेव्हा तिथला मासिक अहवाल निघायला सहा दिवस लागायचे. माणसं वाढवून द्या, अशी मागणी होती. मी एकदा त्या अहवालाच्या मागे मागे फिरले. तो ज्या टेबलावर जाईल तिथं मी स्टूल घेऊन. सहा दिवसांत त्या कागदावर प्रत्यक्ष काम झालं ते जेमतेम चार तास. उरलेला वेळ तो कशाची ना कशाची वाट बघत पडून होता, आणि त्यातले दोन पूर्ण दिवस एका आकड्यासाठी गेले. तो आकडा ज्यांच्याकडून यायचा त्यांच्याकडे गेले, तर त्यांनी खणातून कागद काढून हातात दिला. महिना संपला त्याच संध्याकाळी त्यांनी तो लिहून ठेवला होता. कुणी मागितला नाही म्हणून दिला नाही, असं त्यांनी सरळ मनानं सांगितलं.

आम्ही अहवाल लिहिणाऱ्याच्या टेबलावर एक ट्रे ठेवला. त्यावर पाच आकड्यांची नावं चिकटवली आणि महिन्याच्या शेवटच्या संध्याकाळी ज्यानं त्यानं आपला कागद त्यात टाकून घरी जायचं, असं ठरवलं. पुढच्या महिन्यात तो अहवाल दुसऱ्या दिवशी दुपारी सहीला गेला.

नमस्कार.