चेलो वाजवणारी कैदी

श्रोतेहो, नमस्कार.

ऑश्विट्झच्या छळछावणीत आणलेल्या बहुसंख्य ज्यूंचे भवितव्य आगगाडीतून उतरताक्षणीच ठरत असे. नाझी डॉक्टर नुसत्या हाताच्या इशाऱ्याने म्हातारी माणसे, मुले आणि लेकुरवाळ्या स्त्रिया यांना विषारी वायूच्या कोठड्यांकडे धाडत. डिसेंबर १९४३ मध्ये तिथे पोहोचलेली १८ वर्षांची अनिता लास्कर मात्र या निवडीला सामोरी गेलीच नाही, कारण सरकारदप्तरी ती शिक्षा झालेली गुन्हेगार होती आणि अशा कैद्यांना वेगळे आणले जाई. निरपराध ज्यू मुलगी म्हणून ती आली असती, तर कदाचित पहिल्याच दिवशी मारली गेली असती.

तिचा गुन्हा काय, तेही ऐका. तेव्हाच्या जर्मनीतल्या ब्रेसलाऊ शहरातले तिचे वकील वडील आणि व्हायोलिन वाजवणारी आई यांना एप्रिल १९४२ मध्ये नेण्यात आले, ते परतले नाहीत. कागदाच्या कारखान्यात सक्तीने राबणाऱ्या अनिताने आणि तिची थोरली बहीण रेनाटे हिने तिथल्या फ्रेंच कैद्यांसाठी बनावट कागदपत्रे तयार केली आणि स्वतःही पळून जाण्याच्या प्रयत्नात असताना त्या रेल्वे स्थानकावर गेस्टापोच्या, म्हणजे नाझींच्या गुप्त पोलिसांच्या, हाती सापडल्या.

छावणीत केस कापून हातावर क्रमांक गोंदला जात असताना, आपण चेलो, म्हणजे व्हायोलिनसारखे पण मोठे, खर्जातले तंतुवाद्य वाजवतो, असे अनिताने तिथे काम करणाऱ्या कैदी मुलीला सांगितले. ऑश्विट्झचाच भाग असलेल्या बिर्केनाऊच्या महिला वाद्यवृंदात खालच्या स्वरांचे वाद्यच नव्हते. संगीतकार गुस्ताव मालर यांची भाची आणि व्हिएन्नाची नामवंत व्हायोलिनवादक आल्मा रोझे ही त्या वृंदाची प्रमुख होती. कामावर जाणाऱ्या आणि संध्याकाळी परतणाऱ्या कैदी स्त्रियांनी पावलात पाऊल मिळवून चालावे, म्हणून हा वृंद रोज फाटकापाशी वाजवत असे. एकदा कैद्यांवर अमानुष प्रयोग करणारा डॉक्टर मेंगेले आला आणि त्याने जर्मन संगीतकार शूमानची एक रचना वाजवायला सांगितली. अनिताने ती वाजवली. ‘संगीताने तिला तारले’ असे आपण सहज म्हणून जातो, पण मला ते अपुरे वाटते. छावणीला चेलो हवा होता, म्हणून चेलो वाजवणारी जिवंत ठेवली गेली.

रेनाटेची भेट झाली ती बुटांमुळे. अनिताचे लाल नाड्यांचे काळे बूट दुसऱ्या एका कैदी मुलीच्या पायांत पाहून रेनाटेने ओळखले, विचारपूस केली आणि बहिणीचा ठावठिकाणा लागला.

आल्मा रोझे एप्रिल १९४४ मध्ये आजाराने गेली. नोव्हेंबरमध्ये दोघी बहिणींना जर्मनीतल्या बेर्गन-बेल्सन छावणीत हलवले. तिथे ना वाद्यवृंद होता, ना पोटाला अन्न. टायफसने माणसे पटापट मरत होती आणि प्रेते उघड्यावर पडून होती. १५ एप्रिल १९४५ रोजी ब्रिटिश सैन्य आले. दुसऱ्याच दिवशी अनिता बीबीसीच्या ध्वनिक्षेपकासमोर जर्मन भाषेत बोलली; ऑश्विट्झमध्ये जे घडले त्यावर जग विश्वास ठेवणार नाही, ही वाचलेल्यांची भीती तिने तेव्हाच बोलून दाखवली. त्याच वर्षी बेल्सन छावणीच्या रक्षकांवर ल्यूनेबुर्गमध्ये चाललेल्या खटल्यात तिने साक्षही दिली.

पुढे इंग्लंडमध्ये स्थायिक झालेल्या अनिता लास्कर-वॉलफिश इंग्लिश चेंबर ऑर्केस्ट्राच्या संस्थापक सदस्यांपैकी एक झाल्या. जर्मनीच्या भूमीवर पाऊल ठेवायचे नाही, हा निश्चय त्यांनी कित्येक दशके पाळला. नंतर मात्र तिथल्या विद्यार्थ्यांशी बोलायला त्या जाऊ लागल्या आणि ३१ जानेवारी २०१८ रोजी, वयाच्या ९२ व्या वर्षी, त्यांनी जर्मन संसदेसमोर उभे राहून ज्यूद्वेषाविरुद्ध भाषण केले.